चुलीवरची जुडी

सन २०२३. माझं वय बहात्तर. पितरपाट चालू होता. वडलांची तिथी होऊन चार दिवस झाले होते, रान शाळूच्या पेरणीला तयार होतं, आणि मी नवं धोतर नेसून, फेटा बांधून पाचोडला एसटीची वाट बघत उभा होतो. शहरातल्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं होतं. माझ्या ज्वारीचा निकाल लागला होता.

तिथं ओळखीचा एक जण भेटला. म्हणाला, "आबा, नवरदेव झालात! कुणीकडं?"

"बापाचं नाव कागदावर चढवायला चाललो," मी म्हणालो.

हे मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होतो. बाजारात सांगितलं, पारावर सांगितलं, बी-खताच्या दुकानात मुद्दाम थांबून सांगितलं. दुकानदार हसला होता. मला वाटलं, जळतोय.

ही ज्वारी कोणती, ते आधी सांगतो. आमचं मूळ गाव धरणात गेलं. नाथसागराचं पाणी चढत आलं तेव्हा मी लग्नाचा झालो होतो आणि धाकटी बहीण पंधरा-सोळाची होती. वडलांनी बैलगाडीत जातं, पाटा-वरवंटा, दाराची चौकट, सगळं भरलं. बियाचं गाडगं मात्र गाडीत ठेवू दिलं नाही. गाडी चिखलात कलंडली तर? ते गाडगं त्यांनी बहिणीच्या डोक्यावर दिलं. नव्या गावठाणापर्यंत ती पोर गाडगं घेऊन चालत आली. मी गाडी हाकत होतो. देऊळ पाण्यात गेलं, विहीर गेली, आजीला जाळलं ती जागा गेली. त्या गावचं जिवंत असं एकच काही वर आलं, ती ज्वारी. वडील तिला बुडालेल्या गावाच्या नावानंच हाक मारायचे. ते नाव मी इथं सांगत नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मोडकी. पण बी धरायचं कसं ते मला वडलांनी शिकवलं. काढणीच्या आधी रानाच्या मधोमध जायचं, बांधाकडंचं ज्वारीचं ताट, म्हणजे उभं रोप, धरायचं नाही. कणीस बघायचं, दाणा दाताखाली फोडायचा, धाट वाकवून बघायचं. मनास आलं तर ताटाला चिंधी बांधायची. चिंधीच्या ताटाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ती कणसं मग जुडी करून चुलीच्या वर आढ्याला टांगायची. रोजचा धूर लागला की किडा शिवत नाही. आमच्या घरात ती काळी पडलेली जुडी देव्हाऱ्यासारखी होती. तिच्याखाली आम्ही भाकरी खायचो.

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतली मॅडम गावोगाव फिरत आमच्याकडं आली. तरणी पोरगी, मोठं शिक्षण करणारी. जुन्या घरोघरच्या ज्वाऱ्या गोळा करत होती. मी तिला ओट्यावर बसवलं, बुडालेलं गाव सांगितलं, जुडी खाली काढून दाखवली.

ती म्हणाली, "काका, आम्ही हे बी उगवतो, कोवळ्या पानातून डीएनए काढतो. त्यात ठरावीक जागी खुणा असतात, त्यांना मार्कर म्हणतात. माणसाला कापड बदलता येतं, अंगावरची खूण बदलता येत नाही, तसं. त्यावरून कळतं कोणतं वाण कुणाचं, कोण कुणाचा नातेवाईक, आणि कोण अगदी वेगळं. वेगळं निघालं तर शेतकऱ्याच्या नावानं त्याची नोंद करता येते."

"माझ्या नको, माझ्या बापाच्या नावानं होईल का?"

"बघू की काका."

तेवढ्यावर मी दोन वर्षं काढली.

मॅडम आली त्या दिवशी घरची मंडळी, म्हणजे माझी बायको, चहा घेऊन आली होती. मी जुडी सोडताना ती दाराच्या आत उभी होती. म्हणाली, "कशाला देताय? ठेवा की घरात." मी म्हणालो, "तुला काय कळतंय?" तेव्हा मला ती अडाणी वाटली.

आता प्रयोगशाळा. मी पोचलो तर मॅडम दारातच उभी. माझा फेटा बघून तिचं तोंड उतरलं. तिनं मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, चहा मागवला. शहरात माणूस एवढं करायला लागला की समजावं, काहीतरी वाईट आहे.

तिनं एक फोटो समोर ठेवला. काळ्या कागदावर पांढऱ्या आखूड रेघा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. प्रत्येक नमुन्याची एक उभी ओळ.

"ही तुमची ज्वारी, नमुना नऊ," ती म्हणाली. "आणि हे शेजारचं, दुकानात पिशवीत मिळणारं सुधारित वाण. ओळखीसाठी आम्ही तेही तपासतो. तुम्हीच बघा."

मी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक रेघ जुळवली. मला वाचायला वेळ लागतो, पण रेघा जुळवायला शाळा लागत नाही. पहिली जुळली. दुसरी जुळली. शेवटपर्यंत जुळली.

"पुड्या बदलल्या तुम्ही," मी म्हणालो.

"नाही काका."

"व्हय! तुमच्या पोरांनी घोळ केला. पिशवीचं बी माझ्या नावावर घातलं. माझ्या बापाचं बी कुठं ठेवलं, ते सांग."

"मला पण वाटलं होतं घोळ झाला असेल. तुमच्या पुडीतलं बी परत उगवलं, परत तपासलं. तीन वेळा." तिचा आवाज बारीक झाला होता. "आणखी एक आहे काका. घरी धरलेल्या जुन्या बियात सगळी रोपं सारखी नसतात. थोडी सरमिसळ असते, भावकीसारखी. एक उंच, एक ठेंगणं. तुमच्या नमुन्यातलं प्रत्येक रोप दुसऱ्यासारखं आहे. असं पिशवीच्या बियात होतं."

आणि हीच गोष्ट मी पाच वर्षं मिरवत होतो. माझं रान बघा, एका उंचीचं. कणीस बघा, मुठीसारखं घट्ट. माझ्या बापाच्या वेळी कणीस जरा मोकळं असायचं. मी म्हणायचो, बाप बापच होता, पण निवड माझी.

मी उठलो. "चोरांचा कारखाना आहे हा," म्हणालो. बाहेर बसलेल्या शेतकऱ्यांनी माना वळवल्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पोरगी खमकी. माझा हात धरून तिनं परत बसवलं. म्हणाली, "चोर म्हणा, पण हे बघून जा."

तिनं दुसरा कागद उलगडला. आडवं झाड काढलेलं. सारख्या ज्वाऱ्या एका फांदीवर, वेगळ्या दुसऱ्या फांदीवर. माझा नऊ नंबर पिशवीच्या वाणाला चिकटून होता. आणि कागदाच्या पार खाली, बुंध्यापासूनच फुटलेली एक लांब फांदी, तिच्यावर एकटाच नंबर. एकतीस.

"या सगळ्यांत अशी दुसरी नाही," ती म्हणाली. "यात तुम्ही सांगितलं होतं तसं आहे सगळं. मोकळं कणीस, गोड हुरडा, थोडी सरमिसळ. मी तुम्हाला विचारणार होते, तुमच्या जुन्या गावचं कुणी फुलंब्रीकडं गेलंय का? एका आजींनी दिलंय. त्या म्हणाल्या, हे माहेरचं बी आहे."

ती आजी कोण ते मला माहीत होतं. तरी मनात आलं, कसं शक्य आहे? तिचं गाठोडं तर मी स्वतः सोडून बघितलं होतं.

ते असं झालं होतं. आठ वर्षांपूर्वी बहीण दिवाळीला आली होती, फुलंब्रीहून. जायच्या आदल्या संध्याकाळी म्हणाली, "दादा, दोन कणसं दे. माझ्या रानात लावते."

मी म्हणालो, "बी लेकीबाळींना देत नसतात. बी घरात राहतं."

"कुणाच्या डोक्यावरून आलं रे ते घरात?"

"डोक्यावर आणलं म्हणून तुझं झालं व्हय? मग पाटा माझ्या बैलांनी आणला, तो बैलांना देऊ का?"

ओट्यावरची माणसं हसली. ती हसली नाही. सकाळी निघाली तेव्हा मी आढ्याकडं बघितलं, तर जुडी मला हलकी वाटली. मी ओट्यावर, चार माणसांसमोर तिचं गाठोडं सोडायला लावलं. त्यात लुगडं निघालं, चिवड्याचा डबा निघाला, नातवाचं टोपडं निघालं. बी निघालं नाही. तिनं गाठ परत बांधली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "बघितलंस? झालं समाधान?" आणि गेली. ती गेली ती गेलीच. राखी पोस्टानंही आली नाही. मी पण गेलो नाही. का जाऊ? मी थोरला.

शहरातून परत येताना एसटीत मी ठरवलं होतं, घरी गेल्यावर प्रयोगशाळेचा उद्धार करायचा. आणि तेच केलं. दिवेलागणीच्या आधी पोचलो. मंडळी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, मुलगा फवाऱ्याचा पंप धूत होता. मी फेटा खुंटीला फेकला.

"चोर आहेत सगळे! म्हणतात पिशवीचं बी आहे. माझं! पिशवीचं! उद्या पोलिसात जातो. त्या पोरीची नोकरी घालवतो."

मंडळीचे हात थांबले. मुलानं नळ बंद केला.

"आई," तो म्हणाला, "सांगून टाक आता. त्या पोरीवर कशाला?"

"तू गप," ती म्हणाली.

"काय सांगून टाक?" मी विचारलं.

मग तिनं सूप बाजूला सरकवलं.

"तुम्ही दवाखान्यात होता त्या साली. हर्नियाचं ऑपरेशन झालं, आत सडलं, दीड महिना पडून होता. आठवतंय ना? त्याच साली गॅस आला."

"मग?"

"गॅस तुम्हीच आणला. सून धुरानं खोकती म्हणून. चूल आम्ही अंगणात काढली. जुडी आढ्यालाच राहिली. धूर नाही काही नाही. कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पेरणीला जुडी उतरवली तर हातात पीठ आलं. सोंडकिड्यांनी दाणा ठेवला नव्हता. एकेक दाणा टोकरलेला. मी सगळा निवडला, ओल्या फडक्यात बांधून ठेवला, एक कोंब आला नाही."

"आणि?"

मुलगा म्हणाला, "मी दुकानातनं पिशवी आणली, आबा. तसलंच दिसणारं बी मागितलं."

म्हणजे दुकानदाराला माहीत होतं. मी त्याच्या दुकानात थांबून, त्याचंच बी माझ्या बापाचं म्हणून सांगत होतो, आणि तो काउंटरमागं हसत होता. मुलाला माहीत, सुनेला माहीत. पेरायला आलेल्या गड्यांनी पिशवी फोडली असणार, म्हणजे त्यांना माहीत. हुरड्याला मी पाहुणे बोलवायचो, आगटीभोवती बसवून बुडालेल्या गावची गोष्ट सांगायचो, आणि घरचे शेंगदाण्याची चटणी वाढत खाली बघायचे. मला वाटायचं, गोष्ट ऐकून त्यांचं मन भरून येतं.

जिभेला कळलं होतं, हे मी कबूल करतो. पहिल्याच हिवाळ्यात हुरडा फिका लागला होता. मी म्हणालो, दवाखान्याच्या गोळ्यांनी तोंडाची चव गेली. पाच वर्षं गोळ्यांना दोष दिला. पाच वर्षं मी रानाच्या मधोमध उभा राहून दुकानच्या बियाला चिंध्या बांधल्या.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. ओरडलो नाही. ओरडायला जोर लागतो.

"सांगणार होते. तुम्ही काठी टेकत रानात गेलात, कणीस हातात घेतलंत, आणि हसलात. म्हणालात, बघ कसं घट्ट भरलंय. लई दिवसांनी हसला होतात. म्हटलं, उद्या सांगू." ती शेंगेचं टरफल बोटानं मोडत राहिली. "मग तुम्ही गावभर सांगायला लागलात. मग कसं सांगायचं?"

मी म्हणालो, "माझ्या बापाला मारलंस तू. गावानं नाही मारलं, धरणानं नाही मारलं. तू मारलंस."

मुलगा मधे पडला, "आबा, तोंड सांभाळा." आजवर तो माझ्याशी असं बोलला नव्हता.

ती मात्र रडली नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकं शांत बघितलं नव्हतं. म्हणाली, "नाही मारलं. फुलंब्रीला आहे."

"तिचं गाठोडं मी बघितलंय."

"गाठोडं बघितलंत. ओटी कोण बघतंय?"

माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. माहेरवाशीण निघाली की घरातली बाई तिची ओटी भरते. पदरात धान्य, खोबरं, हळदकुंकू. बाप्या माणसांनी तिथं बघायचंसुद्धा नसतं. त्या दिवशी मी ओट्यावर माणसं गोळा करत होतो, तेव्हा आत चुलीपाशी मंडळीनं आदल्या रात्री सोडलेल्या दोन कणसांचं बी माझ्या बहिणीच्या ओटीत घातलं होतं. बहीण पदर कमरेला खोचून माझ्यासमोर उभी राहिली, मी गाठोड्यातलं टोपडं झटकून बघत होतो, आणि बी तिच्या पोटाशी होतं.

म्हणजे जुडी मला हलकी वाटली होती, ती खरीच हलकी होती. तेवढं तरी मला बरोबर कळलं होतं. हा विचार मनात आला आणि त्याची लाज पण वाटली.

"माझ्या पाठीमागं," मी म्हणालो.

"तुमच्या समोर तिनं मागितलं होतं की."

त्या दिवशी मी जेवलो नाही. आतल्या खोलीत जाऊन बसलो. आढ्याला पिशवीच्या बियाची जुडी लटकत होती, तशीच दिसत होती, माझ्या हातानं बांधलेली. धूर गेल्यापासून मंडळी तिला राख चोळायची. अंगणातल्या चुलीवर तिनं भाकरी थापलेली ऐकू येत होती. चूल तिनं अजून सोडली नव्हती, भाकरीला गॅस नको म्हणायची. मी विचार केला, ज्या बाईनं मला पाच वर्षं फसवलं तिनंच बी राखलं, तर मी तिला काय म्हणायचं? शब्द सापडला नाही. अजून सापडलेला नाही. तिनं बी वाचवलं म्हणून फसवणूक फिटली असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. दोन्ही तिनंच केलं, आणि दोन्ही मला न सांगता केलं. माझ्या घरात माझ्या बापाच्या बियाचं सगळं काही ठरत होतं, फक्त मला विचारून नाही.

पण कुणाला ते मला विचारता तरी आलं असतं का, हे मी त्या दिवशी मनात येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उठलो. जुडी उतरवली आणि गव्हाणीत बैलांपुढं टाकली. नवं धोतर नेसलो नाही, जुनंच होतं. फेटा खुंटीवर राहू दिला, टोपी घातली. मंडळीनं चहा पुढं केला, तो घेतला. तिनं एक धुतलेली कापडी पिशवी ओट्याच्या कडेला ठेवली होती. कुठं निघालो हे मी तिला सांगितलं नव्हतं. पिशवी उचलली.

संभाजीनगरला बस बदलली. फुलंब्रीला उतरून कोसभर चालत तिच्या वस्तीवर गेलो. आठ वर्षांत लिंबाचं झाड केवढं वाढलं होतं. बहीण दारात तुरीची डाळ पाखडत होती. केस सगळे पांढरे. तिच्या मागं, सैपाकाच्या खोलीत, उघड्या चुलीवर काळीकुट्ट जुडी टांगलेली मला बाहेरूनच दिसली. कणसं मोकळी होती.

तिनं सूप खाली ठेवलं नाही. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. माझ्या हाताकडं बघितलं.

"दादा, पिशवी उघड. काय आहे त्यात?"

आत तिची सून होती, शेजारचे दोघं बांधावर थांबून बघत होते. मी म्हणू शकलो असतो, थोरल्या भावाशी असं बोलतेस? जिभेवर आलं होतं.

मी उंबऱ्याशी खाली बसलो, पिशवी उलटी केली, आणि आतली शिवण बाहेर काढून तिला दाखवली.